लाल गाडी आणि शनिवारचं लिंबू

गाड्या आपापसांत बोलत आणि माणसांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या अच्युतराव नाडगौडांनी चाळीस वर्षं जुनी, दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार हौसेनं विकत घेतली. हार घातला, नारळ फोडला, बंपरला लिंबू-मिरची बांधली. पुढे दर शनिवारी जुनं लिंबू काढून नवं बांधायचा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. बॉनेट मात्र एकदाही उघडलं नाही.

आत रेडिएटरचा रबरी पाइप होता, गाडीच्याच वयाचा. तो म्हणाला, "बाई, मला भेगा पडल्यात. मालक रविवारी पन्हाळा चढायचं म्हणतायत. त्याआधी जरा खोकून दाखव, म्हणजे ते मिस्त्रीला बोलावतील."

"मी खोकू?" गाडी फणकारली. "अख्खी गल्ली मला बघायला जमते. काही दुखत नसताना कण्हायचं कशाला? आणि दृष्टीला लिंबू आहे की."

रविवारी पन्हाळ्याच्या चढावर पाइप फाटला. भसाभस वाफ निघाली आणि गाडी जागीच थांबली. अच्युतरावांनी खाली उतरून कपाळावर हात मारला. "लागली कुणाची तरी दृष्ट," ते म्हणाले.

गाडीनंही तेच धरलं. ती लिंबावर खेकसली, "तू काय झोपलं होतंस?"

"नाही बाई," लिंबू म्हणालं. "मला तर कालच बांधलंय. सुकायच्या आत बदलतात मला. ह्या पाइपाचा शनिवार मात्र चाळीस वर्षांत कधी उजाडलाच नाही."