सिम्हाबाईचा मलिदा

फार वर्षांपूर्वी, मांदळ्याच्या किनाऱ्याला दगडी धक्काही नव्हता, तेव्हा तिथे ख्रिस्ती कोळ्यांची वाडी होती आणि वाडीला लागून सिम्हाबाईचा तेलाचा घाणा. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक तिला शनवार तेलीण म्हणत.

एकदा पहाटे होड्या समुद्रात गेल्या आणि मागोमाग धुकं उतरलं. आपलाच हात आपल्याला दिसेना, असं धुकं. दुपार झाली तरी एकही होडी परतली नाही. बायकांनी चर्चमध्ये मागणं करकरून घसे कोरडे केले. शेवटी त्यांच्यातली कार्मीण सगळ्यांना घेऊन सिम्हाबाईच्या अंगणात आली. तिचा नवरा रुझार सगळ्यात पुढच्या होडीत होता. तिला वाटलं, सिम्हाबाईचा देव तोच आपल्या येशूचा बाप. मिळून मागितलं तर ऐकेल.

सिम्हाबाईने भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि वेलची परातीत कालवून मलिदा करायला घेतला. म्हणाली, "मागणं जरा थांबू दे. आमच्यात मलिद्यापुढे आधी मिळालेल्याचे आभार मानतात. एकेक फळ आणा, एकेक आभार माना."

कार्मीणीला रागच आला. माणूस समुद्रात, आणि आभार कसले? तरी ती घरून पपई घेऊन आली. ती परातीपुढे ठेवली. मग हळूच म्हणाली, "देवा, माझा रुझार घोरतो, त्याबद्दल तुझे आभार."

बायका रडता रडता हसल्या. मग कुणाचं तोंड थांबेना. कुणी केळं ठेवून सासूच्या हातच्या कालवणाचे आभार मानले, कुणी पेरू ठेवून पोराच्या खोड्यांचे. परात फळांनी शिगोशीग भरली. आपल्याकडे एवढं आहे, हे कार्मीणीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग सगळ्यांनी मिळून मागणं केलं.

असं म्हणतात, की त्या मलिद्याचा वास धुकं कापत थेट समुद्रावर गेला. भरकटलेल्या रुझारने नाक वर केलं, वासाच्या दिशेने सुकाणू वळवलं, आणि मागोमाग साऱ्या होड्या किनाऱ्याला लागल्या. असंही म्हणतात, की उतरल्या उतरल्या त्याने आधी विचारलं, खायला काय केलंय?

आजही मांदळ्यात होड्या पाण्यात लोटण्याआधी चर्चच्या अंगणात मलिदा होतो. पाद्रीबाबा बाजूला थांबतात, लहानथोर एकेक फळ ठेवून एकेक आभार मानतात. घाईघाईने कुणी मागायला लागलंच, तर म्हाताऱ्या त्याला हटकतात, "आधी सिम्हाबाईचं."