चाकातलं कण्हणं

घाटाला कठडे नव्हते, त्या काळची गोष्ट. एका जीपच्या चाकात एक बेअरिंग होतं. आतलं ग्रीस आटलं, गोळ्या झिजल्या, तसं ते वळणावळणावर कण्हू लागलं, "अहो, माझा जीव चाललाय!"

ड्रायव्हर गेनबानं टेपचा आवाज वाढवला. बेअरिंग आणखी ओरडलं, गेनबानं टेप आणखी मोठा केला. शेवटी वैतागून, आवाज टायरचाच असं समजून, त्यानं धडधाकट टायरच गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या भंगारात फेकला आणि नवा चढवला. जाता जाता टायर म्हणाला, "तुझं दुखणं माझ्या माथी आलं रे." बेअरिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कण्हणं काही त्याच्या हातात नव्हतं.

पुढं चाकच डुगडुगू लागलं. मिस्त्रीनं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. "टायर कशाला बदललात? बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. ठोकून काढलेलं बेअरिंग त्यानं भंगारात भिरकावलं. ते पडलं त्याच टायरच्या पोटात.

"कुणी ऐकलंच नाही माझं," ते पुटपुटलं.

जीप निघाली. नवं बेअरिंग मुकाट फिरत होतं. गेनबानं टेप बंद केला आणि पहिल्यांदाच चाकाकडे कान लावला.