काडेपेटीला आलेला वास

ऊस बैलगाडीनं गुऱ्हाळाला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. बायडाक्काच्या कोनाड्यात एक काडेपेटी होती आणि तिचा तोरा मोठा होता. ऊस तुटला की रानात वाळक्या पाल्याचं पाचट गुडघाभर पडायचं. बायडाक्का एक काडी ओढायची, आभाळ काळं व्हायचं आणि घटकाभरात रान मोकळं. "माझ्यासारखी झाडणारी पंचक्रोशीत नाही," काडेपेटी म्हणायची.

त्या वर्षी काडी ओढणार, इतक्यात पाचटातून लावी पक्षीण ओरडली, "थांब की गं अक्का! माझी सात अंडी आहेत इथं."

बायडाक्का मागं सरली. "बाळंतिणीचं घर कुणी पेटवतं का? राहू दे."

पिल्लं बाहेर पडली तोवर पाटाचं पाणी पाचटात मुरलं होतं. अर्ध्या काड्या वाया गेल्या, पण ते पेटलं नाही, कुजलं. "झाला रानाचा उकिरडा!" काडेपेटी फुरंगटली. खालून मात्र गांडुळं वर आली, भर उन्हाळ्यात ओल टिकली आणि बुडख्यांतून नवा ऊस असा तरारला की लावीची पिल्लं त्यात हरवायची.

पुढच्या तोडीला अक्कानं काडेपेटी कमरेला खोचली. "आली ना माझी आठवण?" ती खुलली. पण अक्कानं बांधावर तीन दगड मांडून चूल पेटवली आणि ऊसतोड्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. काडेपेटी रुसणार, तेवढ्यात कसलासा गार, गोडसर वास आला.

"हा कसला गं वास?" तिनं लावीला विचारलं.

"मातीचा," लावी हसली.

इतकी वर्षं काडेपेटी त्या रानात येत होती, पण धुराशिवाय तिला तिथं दुसरा वास कधी आलाच नव्हता.