उंदरांना गाठ नव्हती

“…मग रोज सकाळी एक चमचा घ्याल ना, बाई?”

चंद्रहासनं लहानशी बाटली यमुनाबाईंपुढं ठेवली. बाईंनी केस गेलेल्या डोक्यावरचा पदर सावरला. गारगोटीत चाळीस वर्षं वैद्यकी केलेल्या या बाईंची तिसरी केमो गेल्याच आठवड्यात झाली होती.

“कसलं रे हे?”

“कलौंजीचं तेल. प्रयोगशाळेत दोन वर्षं याच्यावरच काम करतोय मी. केमोनं गाठ मरते, पण चांगल्या पेशींतली जनुकंही तुटतात. तेल पाजलेल्या उंदरांत ती कमी तुटली, बाई!”

“त्या उंदरांना गाठ होती?”

“…नव्हती.”

“माझ्या डॉक्टरांना विचारलंस?”

“त्यांना काय कळतंय तेलातलं!”

“शिंगं फुटली म्हणायची!” बाई हसल्या.

ते हसू ऐकलं आणि चंद्रहासला वीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. बाईंकडं शिकायला आला, तेव्हा पहिले चार महिने ना ग्रंथ, ना नाडी. नुसते वर्षभराचे मूग निवडायचे आणि कीड लागू नये म्हणून त्यांना एरंडेल चोळायचं. हात कोपरापर्यंत चिकट व्हायचे. संध्याकाळी बाई स्वतः ते शिकेकाईनं धुऊन द्यायच्या… आईनं धुवावेत तसे.

आता त्या बाईंना पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता.

“घ्या ना, बाई.” त्यानं बाटली आणखी पुढं सरकवली. “तुमच्याशिवाय मला कोण आहे?”

 बाईंनी सूप पुढं ओढलं. त्यात चांगले मूग होते. डब्याच्या तळाचे मूठभर किडके मूग त्यांनी त्यांच्यावर टाकले. भोकाभोकावर पांढरं पीठ. कुणालाही लांबून ओळखू यावेत असे.

मग त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

“अहो बाई, माझी दोन वर्षं आहेत त्यात…”

बाईंनी सगळं तेल मुगांवर ओतलं. दोन्ही हातांनी चोळलं. धाप लागली, तरी चोळत राहिल्या.

पांढरं पीठ तेलात विरून गेलं. दाणा न् दाणा सारखाच चकाकू लागला.

“म्हणजे तेल गाठीलाही वाचवेल…” चंद्रहास पुटपुटला.

“मग मी हे काम सोडून देऊ?” त्यानं विचारलं.

बाईंनी सूप त्याच्याकडं सरकवलं.

“निवड.”