दोन हिसके

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव. तुझ्यानं व्हायचं न्हाई. मी वस्तीतली नावाजलेली खोटारडी बाई. दुसरी यत्ता शिकले, तीबी मास्तरीणबाईला फसवून. मागं एकदा पोस्टमनला सांगितलं, गिरजाबाई मेली, पत्र परत ने. बिचारा दुसऱ्या दिवशी हार घेऊन आला.

तरी बघ, जमतंय का.

"पण हे लोक बोलत का नाहीत, बाबा?"

असं सौमित्रनं विचारलं. शहरातला पोरगा, बाप प्रोफेसर, गळ्यात झोळी. युनियनचं काम शिकायला आमच्या सटवाबाबाकडं येऊन राहिला व्हता.

सटवाबाबानं काडेपेटी काढली. बिडी विझली व्हती, ती परत पेटवली.

सटवाबाबा म्हंजे माझा थोरला दीर. निम्मं आयुष्य नगरपालिकेच्या गटारात उतरण्यात गेलं, उरलेलं लाल बावट्याखाली. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, दोनदा तुरुंग बघितला. पोरं त्याच्याकडं शिकायला यायची. तो शिकवायचा कायबी न्हाई, नुसता बसायचा.

थोरल्या दिरापुढं डोईवर पदर घ्यायचा, तोंड उघडायचं न्हाई, ही आमच्यात रीत. साऱ्या वस्तीला मी चावायची, पण त्याच्यापुढं मुकी. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून पुढं सरकवायची. एका अंगणात एकतीस वर्षं.

सौमित्र समाजमंदिरात रोज वर्ग घ्यायचा. फळ्यावर त्रिकोण काढायचा. वरच्या टोकाला मूठभर श्रीमंत, खाली सगळे आपण. मी म्हणलं, हा उलटा केला तर? खूश झाला, म्हणला तेच तर करायचंय, आजी. मी म्हणलं, मग गटार त्या मूठभरांनीच साफ करायचं ना? पुरतील का रे ते?

दोन दिवस वर्ग झाला न्हाई.

पोरगा वाईट नव्हता. पण आपण बोललो की लोकांनी उठायचं, असं त्याला वाटायचं. न्हाई उठले की रुसायचा.

तर त्या टायमाला वस्तीतला आमचा नवनाथ गेला.

ठेकेदारानं त्याला बाजारपेठेतल्या गटारात उतरवलं. झाकण काढल्यावर आधी झुरळं बघायची असतात. भराभरा वर आली तर हवा चांगली. एकबी आलं न्हाई तर खाली विषारी वायू, उतरायचं न्हाई. पण ठेकेदाराला घाई. दोर न्हाई, कोण न्हाई. चोवीस वर्षांचा पोर.

चौकशीला साहेब आला. तो म्हणला, या गावात माणूस गटारात उतरतो अशी आमच्याकडं एकबी तक्रार न्हाई, म्हंजे सगळं मशीननंच चालतंय.

मग ठेकेदाराच्या माणसानं कागद तयार केला. नवनाथ दारू पिऊन आपल्या मर्जीनं उतरला, असं त्यात लिहिलेलं. पाच वाजता येतो, त्याच्या बायकोनं अंगठा द्यायचा, म्हणून सांगून गेला. अंगठा पडला की संपलं. नवनाथ दारुडा ठरणार, आन् उद्या त्याच भोकात दुसरा कुणीतरी.

नवनाथची बायको उज्वला. सौमित्रनं तिच्या नावानं तक्रारीचा अर्ज लिहिला. चांगला लिहिला, मला वाचून दाखवला, मला त्यातलं निम्मं कळलं. तिनं नुसता अंगठा उठवायचा व्हता. चार वेळा गेला. चारी वेळा ती चुलीपुढं बसलेली, फुंकणी तोंडाला, फुंकतीय. चुलीत जाळ नव्हता, लाकूडसुद्धा नव्हतं.

हो म्हणली न्हाई, न्हाई म्हणली न्हाई.

म्हणून तो तणतणत आला व्हता. पिशवी भरलेली, तीनची एसटी धरणार.

"त्यांनाच लढायचं नाही," तो म्हणला. "हाक तरी मारावी माणसानं. एक शब्द! मी जीव तोडतोय, आणि समोरून काही नाही. मग मी कुणासाठी थांबू?"

आन् चप्पल शोधायला लागला. एकच सापडली.

दुसरी माझ्या तांदळाच्या डब्यात व्हती. आता हसतोस काय? मला त्याची एसटी चुकवायची व्हती.

सटवाबाबा उठला. घरात गेला आन् खुंटीवरचा दोर घेऊन आला.

तो दोर मी एकतीस वर्षं खुंटीवरच बघितलेला. कुणी हात लावायचा न्हाई. वाळत घालायला दोरी कमी पडली तरी न्हाई.

"चप्पल सापडंस्तवर एक काम कर," तो म्हणला. "हे टोक धर."

दुसरं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं. मग सगळी रीत समजावली. आमच्यात दोर परक्याच्या हातात देत न्हाईत. बाप उतरला तर पोरानं धरायचा, भाऊ उतरला तर भावानं. खालच्यानं एक हिसका दिला तर दोर सैल सोडायचा. दोन दिले तर वर ओढायचं.

"मी खाली उतरलोय असं समज," म्हणला आन् ओट्याच्या बाजूच्या न्हाणीत शिरला. पोत्याचा पडदा पाडला.

सौमित्र ओट्यावर बसला, टोक हातात घेऊन. मी समोर तांदूळ निवडत.

एक हिसका आला. त्यानं दोर सैल सोडला. माझ्याकडं बघून हसला, बाबांना खेळ सुचतोय म्हणला.

मग काय न्हाई...

त्यानं टोक मांडीखाली दाबलं, मोबाईल काढला. एसटीचा टाइम बघितला. मग वही काढून कायतरी लिहायला लागला. मधी एकदा दोराकडं बघितलं. दोर गप पडलेला. परत वहीत तोंड.

मला पडद्याच्या फटीतनं सगळं दिसत व्हतं. न्हाणीला मागनं वाट हाय. म्हाताऱ्यानं कमरेचा दोर सोडून माझ्या वरवंट्याला बांधला, आन् मागनं फिरून हळूच सौमित्रच्या पाठीशी येऊन उकिडवा बसला. माझ्या पोटात हसू मावंना. मनात म्हणलं, म्हातारा माझ्यावर गेला.

मग त्याचं तोंड बघितलं.

तो त्या दोराकडं बघत व्हता. नुसता बघत व्हता.

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

किती वेळ गेला कुणाला ठाऊक. एसटी गेल्याचा भोंगा ऐकू आला. सौमित्रनं मान वर केली, वळून बघितलं, आन् दचकला.

"बाबा? तुम्ही इथं? मी तर तिकडं..."

"मी मेलो," सटवाबाबा म्हणला.

सौमित्र हसला. एकट्यानंच. मग थांबला.

"पण हिसका आलाच नाही. एकदाही नाही. मला वाटलं, तुम्ही बरे आहात."

"गुणाजीचाबी आला न्हाई."

...

सौमित्रला कळलं न्हाई. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या कानाशी लागून सांगितलं, गुणाजी म्हंजे सटवाबाबाचा धाकटा भाऊ. माझा नवरा, लग्नाच्या वर्षीच गटारात गेला. वर दोर धरून सटवाबाबा व्हता.

सौमित्रनं मांडीखालचं टोक हातात घेतलं. मग ते ओट्यावर ठेवलं, साप ठेवावा तसं. उठला आन् चालायला लागला. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. उज्वलाच्या घराकडं.

मी मागनं गेले. नुसती गंमत बघायला. हेबी खरं मानू नको.

त्यानं अर्ज काढला न्हाई. काय विचारलं न्हाई. अंगणातल्या दोन काटक्या आणल्या, चुलीत घातल्या, पेटवल्या. त्याला पेटवता येत न्हाई, निम्मी काडेपेटी संपवली. मग उंबऱ्यात बसला.

पाच वाजता ठेकेदाराचा माणूस आला कागद घेऊन. म्हणला, सरक. सौमित्र सरकला न्हाई. मी त्याच्याशेजारी बसले. मग पलीकडची सोनाबाई आली, तिची सून आली. उंबरा आमचा टीचभर, त्यात अकरा बायका मावल्या. तो माणूस म्हणला, बाईची तक्रार न्हाई तर तुम्हाला काय त्रास? कुणी जागची हलली न्हाई. तो उभा राहून राहून गेला.

उज्वला त्या दिवशीबी बोलली न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. नवव्या दिवशी तिनं सौमित्रला विचारलं, तो अर्ज कुठं हाय?

पुढं काय झालं म्हणतोस? काय व्हायचंय. केस चालूच हाय. ठेकेदारानं नाव बदललं, ठेका त्याच्याचकडं. सौमित्र गेला न्हाई, इथंच राहिला, फळ्यावर त्रिकोण काढत न्हाई आता. आन् परवा भाजी मंडईत गेले तर झाकण उघडं, भोवती काठ्या रोवलेल्या, खाली कुणीतरी. दोर न्हाई.

पण मला हे सांगायचं नव्हतं.

त्या दिवशी उज्वलाच्या दारातनं परत आले, चहा केला. सटवाबाबा ओट्यावर दोर गुंडाळत व्हता. गुंडाळी सारखी सुटायची.

मी चहा उंबऱ्यावर ठेवला न्हाई. त्याच्यापुढं जाऊन ठेवला. पदर घसरला व्हता, तो वर घेतला न्हाई.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी तोंड उघडलं. म्हणलं, "तुमचा भाऊ गेल्यावर माझ्या मनात काय चाललंय, ते तुम्ही मला कधी विचारलं का न्हाई?"

त्यानं मान वर केली. माझं तोंड बहुतेक पहिल्यांदाच बघितलं त्यानं. चहावर साय धरली...

मग म्हणला, "तू गप व्हतीस, गिरजे. मला वाटलं, बरी हायस."

जा आता.