खाडीला सांगितलेली गणती

वेळशेत हे खाडीच्या मुखाशी वसलेले लहानसे बंदर. श्रीविमलनाथ महाराज तेथे नऊ वर्षे राहिले. जकातीच्या चौकीमागे एक उंडीचे झाड होते, त्याखाली त्यांचे आसन असे.

त्यांतले एक साल दुष्काळाचे होते. घाटावरची माणसे धान्यासाठी विकली जात आणि या बंदरातून परमुलखात जात. सरकार त्यावर जकात घेई, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नसे. महाराज मात्र निरूपणात स्पष्ट सांगत, "जे देवाने विकायला काढलेले नाही, ते विकणारे तुम्ही कोण?"

"गोसाव्याला पोट नाही, म्हणून तोंड आहे," असे दुलबाशेट चारचौघांत म्हणत. बंदरातले सर्वांत मोठे गलबत त्यांचे होते. त्या पौर्णिमेला ते गलबत विकत घेतलेली सतरा बायका-मुले घेऊन निघायचे होते.

गलबत हाकणारा तांडेल पोशा हा महाराजांचा भक्त. तो शेटांकडे जाऊन म्हणाला, "शेट, या खेपेला दुसरा तांडेल बघा."

"ऐका! आमचा पोशा संत झाला!" शेट हसले. मग म्हणाले, "तुझं घर कुणाच्या जागेत आहे रे?"

"तुमच्या."

"मग भरतीला वेळेवर ये. नाहीतर अठरावी तुझी लेक."

पोशा रडत महाराजांकडे आला. सर्व ऐकून महाराज म्हणाले, "जा, सुकाणू धर. फक्त खाडीला खोटं सांगू नकोस."

वेळशेतची एक रीत होती. खाडीच्या मुखाशी वाळूचा आडवा दांडा आहे. तो ओलांडण्यापूर्वी तांडेलाने नारळ फोडायचा आणि गलबतावर माणसे किती, माल किती, हे खाडीला मोठ्याने सांगायचे. मालकही दांड्यापर्यंत सोबत जाई आणि होडीने परत येई.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती पूर्ण होताच गलबत दांड्याशी आले. पोशा धरून अकरा खलाशी आणि बारावे शेट.

"म्हण," शेट म्हणाले, "माणसं बारा, माल सतरा नग."

पोशाने नारळ छातीशी धरला. शेटांनी त्याच्या हातून नारळ हिसकावला, स्वतः फोडला आणि स्वतःच गणती ओरडून सांगितली.

गलबत जागीच थांबले.

शिडात वारा भरलेला होता. पोशाने शिशाचा ओळंबा सोडून पाहिला: पुढे तीन वाव पाणी, मागे तीन वाव. गलबताला दीड पुरे. ओळंब्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला तळाची वाळू चिकटून आली, म्हणजे मापात चूक नव्हती. तरीही गलबत तसूभर हलेना!

ओहोटी लागली. पाणी अडीच वाव झाले, मग दोन. दांड्यावर टेकले की लाटा गलबत फोडणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यातच ओढीने होडीचा दोर तुटला आणि ती वाहून गेली. खाली गलबताच्या पोटातून एका बाईचा आवाज आला, "दादा, आमचे पाय तरी सोडा हो. पोरांना पोहता येतं."

शेटांना पोहता येत नव्हते. "पोशा, काहीतरी कर रे!" ते ओरडले.

पोशाने किनाऱ्याकडे पाहिले. महाराज गुडघाभर पाण्यात उभे होते. त्याने हात जोडले आणि सर्व बळ एकवटून हाक दिली, "खाडीमाय, माणसं एकोणतीस! माल काही नाही!"

तो शब्द संपतो न संपतो तोच गलबत हलले. पोशाचे हात जोडलेलेच होते, सुकाणूला कोणी शिवले नव्हते. वारा समुद्राकडे वाहत होता, ओहोटीही समुद्राकडेच ओढत होती. आणि गलबत त्या दोहोंच्या विरुद्ध, सावकाश, महाराजांच्या दिशेने येत राहिले. धक्क्यावरच्या सगळ्यांनी ते पाहिले.

धक्क्याला लागताच दुलबाशेट उतरून धावले आणि महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराज मागे सरले.

"शेट, आधी त्यांचे पाय मोकळे करा."

शेट परत गलबताच्या पोटात उतरले. समोर ती मघाची बाई बसली होती. तिच्या घोट्यांना काथ्याची दोरी होती, ती तळाच्या पाण्यात भिजली होती आणि भिजलेल्या काथ्याची गाठ बोटांनी सुटत नाही. कोयता मागावा, हे त्यांना त्या घटकेला सुचले नाही. ते गुडघ्यांवर बसले, खाली वाकले आणि दातांनी गाठ सोडवू लागले. त्यांचे कपाळ तिच्या पावलांना टेकले. एक झाली की दुसरी, अशा सतरा जणांच्या गाठी त्यांनी सोडवल्या.