नव्या टाकीचं पीठ

एक होता राजा. पण ही गोष्ट त्याची नाही. ही आहे तुळाजी पाथरवटाची.

राजवाड्यात एक जातं होतं. दळायला बसलं की आपणहून गायचं. एक दिवस ते गप्प झालं. का, ते कुणाला कळेना. मग राजाने तुळाजीला बोलावलं. तुळाजीने टाकी लावलेलं, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत केलेलं जातं बारा गावांत ओळखू यायचं, बरं का. गड्याची मान ताठ, बोलणं कमी. राजा म्हणाला, "तीन दिवसांत गायलं तर मानाची पगडी. नाही गायलं, तर छिन्नी-हातोडा इथे ठेवून जायचं."

मग तीन दिवस तुळाजीने जात्याच्या दगडाला टाकी लावली. आता, नव्या टाकीचं पहिलं पीठ खायचं नसतं. त्यात दगडाची कच असते. ते टाकून द्यायचं. तुळाजी हे सांगणार होता. पण मनात म्हणाला, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाही सांगितलं.

मग ज्वारी दळली. जातं गप्पच. भाकरी पंगतीत आली. राजाने घास घेतला. दाताखाली कचकन वाजलं. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, लोण्यासारखी आहे. मग सेनापतीने खाल्ली. त्याची दाढ हलली. म्हणाला, आईच्या हातची आठवली. मग राजवैद्य गाल धरून म्हणाला, पचायला हलकी. राजाला वाटलं, आपलेच दात म्हातारे झाले.

तो तुळाजीला म्हणाला, जातं गाईना तर गाईना, पीठ झकास आहे. हत्यारं घेऊन जा. पण आधी तूही खा.

नुसती मान हलवायची होती. तुळाजीने घास चावला आणि थुंकला.

"यात कच आहे, महाराज. पहिलं पीठ टाकायचं असतं. मी सांगितलं नाही. चूक माझी."

प्रधान म्हणाला, "अरे, आम्ही चांगली म्हणतोय ना?"

"काम माझं आहे. वाईट झालं तर ते मीच सांगणार."

असं म्हणून त्याने छिन्नी-हातोडा राजापुढे ठेवला.

आणि मग काय झालं? मुदपाकखान्यातून घुमघुम सूर आला. जातं गात होतं. खोटी वाहवा ऐकून ऐकून त्याचा गळा बसला होता, एवढंच.

राजा थुंकला. मग सगळे चूळ भरायला धावले. प्रधान सगळ्यांत पुढे.

तुळाजीला हत्यारं मिळाली, पगडीही मिळाली. त्याने ती घेतली. का नाही घ्यायची? कमावली होती. पुढे तो सुखात राहिला, राजाही राहिला, आणि पहिलं पीठ टाकायला कुणी विसरलं नाही.

चला, झोपा आता. झोप आली नसेल तर तसं सांगा. डोळे मिटून सोंग करायचं नाही.